ड्रायव्हरचं झाकण

झाकण पुन्हा तोफेच्या नळीला अडलं.

देवदत्तने व्हर्नियर लावला, आकडा वहीत लिहिला आणि पस्तिसाने गुणला. जेवणाच्या टेबलावर रणगाडा उभा होता. खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, वाळूच्या रंगाचा. असलाच रणगाडा त्याचा मुलगा सौमित्र अमेरिकन सैन्यात, इराकमध्ये चालवत होता. सात महिने झाले होते.

किटबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, ड्रायव्हरचं झाकण चिकटवून टाका. देवदत्तने चिकटवलं नाही. पितळी तारेची बिजागरी करून बसवलं. खऱ्यात उघडतं, तर यातही उघडायला हवं. आणि ते उघडत नव्हतं. तोफ सरळ समोर असली की झाकण फिरताना नळीवर आपटायचं.

घासून बसवता आलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तीस वर्षं, आधी पिंपरीत आणि मग न्यू जर्सीत, त्याने केसाएवढ्या फरकासाठी लोकांचे पार्ट रिजेक्ट केले होते.

"अहो, तो व्हर्नियर द्या इकडे," सुहासिनी म्हणाली. देवासमोरच्या पाटावर तिने पक्कड, स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली आणि स्वतःची शिवणाची कात्री मांडली होती. "दसरा आहे. आज अवजारं पूजेला बसतात. एक दिवस सोडा त्यांना."

"चूक सापडल्याशिवाय नाही. सौमित्रचा फोन आला की त्यालाच विचारतो."

"फोन आला की पोर कसं आहे ते विचारा. बिजागऱ्या कसल्या विचारताय!"

बेल वाजली. शशिकांत आला होता, मराठी मंडळाचा सेक्रेटरी. इथे पार्सिपनीत आपटा कुठला? तो दरवर्षी अंगणातल्या रेडबडची आपट्यासारखी पानं तोडून सोनं म्हणून वाटायचा. त्याच्या गाडीला मागे पिवळ्या रिबिनीचं मॅग्नेट होतं, सैनिकांना पाठिंबा म्हणून. तेवढंच त्याचं युद्ध. त्याचा स्वतःचा मुलगा लॉ स्कूलला होता.

"सोनं घ्या, वहिनी." तो रणगाड्यावर वाकला. "वा! काय डिटेल आहे यार! असले शंभर घुसवायचे आणि साफ करून टाकायचं सगळं. आणि तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, देवदत्तराव. जगातला सगळ्यात सेफ रणगाडा आहे. खाली बॉम्ब फुटला तरी आत चहा सांडत नाही म्हणे."

"आत चहा नसतो," देवदत्त म्हणाला. "पाठीवर रेलून चालवतो तो. दातांच्या डॉक्टरकडे बसतो तसा. आणि तोंडावर हे झाकण."

शशिकांत हसला. एकटाच.

तेवढ्यात फोन वाजला. देवदत्तने पहिल्या रिंगला उचलला.

"सौमित्र? अरे, ते झाकण अडतंय रे. तोफ समोर असली की उघडतच नाही. तीनदा मोजलं. माझं कुठेतरी चुकलंय."

सुहासिनीने पुढे होऊन स्पीकरचं बटण दाबलं. सौमित्र हसत होता.

"नाही बाबा, यू गॉट इट राइट. खऱ्यातपण अडतं. तोफ बरोबर माझ्यावर असली की मला ते उघडता येत नाही."

"मग तू बाहेर कसा येतोस?"

"गनरला सांगतो, टरेट फिरव. तो फिरवतो, वरचा सगळा भाग फिरतो, तोफ बाजूला जाते. मग मी निघतो."

"आणि गनर..." देवदत्त थांबला. "त्याने नाही फिरवलं तर?"

पलीकडे जनरेटर घरघरत होता.

"फिरवतो बाबा. चांगला आहे तो. टेक्ससचा आहे." मग हळू आवाजात, "हे आईला नको सांगू हां."

शशिकांत हातातल्या पानांकडे बघत राहिला.

"बाबा? आई आहे का तिथे?"

"आहे," सुहासिनी म्हणाली. "त्या मुलाचं नाव काय?"

"कुठल्या मुलाचं?"

"तोफ फिरवतो त्याचं."

"डॅरिल. का गं?"

"जेवतो का नीट तो?"

"जेवतो ना. आई, माझ्यामागे लाइन आहे. आय हॅव टू—"

फोन कट झाला.

"वहिनी, हे आपलं बोलण्यापुरतं असतं," शशिकांत म्हणाला. "प्रत्यक्षात असं काही होत नाही हो. सगळं टेस्ट करून—"

"तू घरी जा, शशिकांत," देवदत्त म्हणाला.

तो गेला. पानं शू-रॅकवर ठेवून गेला.

सुहासिनी टेबलाशी आली. आजवर तिने त्या रणगाड्याला बोट लावलं नव्हतं. टेबल कधी मोकळं करताय, एवढंच विचारायची. तिने दोन बोटांनी टरेट धरला आणि फिरवला. नळी झाकणावरून सरकली, बाजूला गेली, आणखी फिरून पार मागे गेली.

"आता उघडा."

देवदत्तने नखाने झाकण उचललं. ते अलगद वर आलं आणि पूर्ण फिरलं. कुठेही अडलं नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "चल. पूजा राहिलीय."

सुहासिनीने टरेट सोडला नाही.