पूर्वेतिहास

“मला पहिल्यापासून शंका होतीच,” पडद्यावरच्या स्कॅनकडे बोट दाखवत डॉ. कारखानीस विद्यार्थ्यांना म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या हेमलताबाईंना त्या माणसाची किळस आली. आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवलेल्या या बाईंना चार वर्षं दहा पायऱ्यांत धाप लागत होती. दर वेळी हे डॉक्टर हसून म्हणायचे, “सगळे मनाचे खेळ, बाई!” आणि झोपेच्या गोळ्या लिहून द्यायचे.

शेवटी त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या तरुणीला, डॉ. तांबोळींना, फुप्फुसांतला वाढलेला रक्तदाब सापडला. हृदयातल्या व्रणांना चिकटणारं द्रव्य टोचून त्यांनीच हा स्कॅन करवून घेतला. त्या दाबाशी झुंजून व्रण पडलेली हृदयाची उजवी बाजू त्यात लालभडक पेटलेली दिसत होती.

“तुमची केस मी डॉक्टरांच्या परिषदेत मांडणार आहे. इथे सही करा,” कारखानीसांनी केसच्या माहितीचा आणि संमतीचा फॉर्म पुढे सरकवला.

‘पूर्वेतिहास’ या रकान्यात बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘चार वर्षं डॉ. कारखानीस मला झोपेच्या गोळ्या देत होते.’ मग सही केली.

कारखानीसांचा चेहरा उतरला. “अहो, हे कसं मांडणार?”

“मग स्कॅनही मांडू नका. हृदय माझं आहे.”

एवढं बोलून त्यांनी त्या माणसाकडे पाठच फिरवली. “डॉक्टर, औषध कधी सुरू करायचं?” त्यांनी तांबोळींना विचारलं.

तांबोळींनी एकदा साहेबांकडे पाहिलं. “चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं,” त्या स्पष्ट म्हणाल्या. “आज करू.”