पक्कं लायसन्स

नवरा जाऊन सहा महिने होतात न होतात, तोच तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय सत्तावन्न. क्लच सोडला की गाडी आचके देऊन बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना तिने खांब आडवा केला आणि नापास झाली.

"मावशी, या वयात कशाला जिवाला त्रास?" शिकवणारा म्हणाला. "बोलावली की टॅक्सी दारात येते."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या आधी येऊन गाडीपाशी उभी राहिली.

दुसऱ्या खेपेला मात्र तिने चढावर थांबवलेली गाडी तसूभरही मागे जाऊ न देता पुढे काढली. इन्स्पेक्टरने मान डोलावून सही केली.

घरी लेकीने तिला मिठीच मारली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून लेकीचे डोळे भरून आले. "आई, आज बाबा असते तर किती खूश झाले असते गं!"

"ते असते तर मला शिकूच दिलं नसतं. तीस वर्षं एकच उत्तर होतं, मी आहे ना, तुला कुठे जायचंय?"

"आई, आज तरी नको ना."

"त्या दुपारी त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा गाडी दारात होती आणि चावी माझ्या मुठीत. मी अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसले. मला गाडी चालवता येत असती, तर ते आज असते."