व्हिसाचा प्रश्न

सुचेताबाईंनी हिरव्या बांगड्या हातात चढवल्या आणि नीलिमाताईंच्या पोटात दुखायला लागलं. खरंखुरं नव्हे हो. ते दुसरं, ज्याला ओवा लागू पडत नाही.

दोघी विहिणी. नीलिमाताई जुईच्या आई, सुचेताबाई तिच्या सासूबाई. दोघींचे नवरे गेलेले आणि दोघींचा जीव एकाच नातीत, चार वर्षांच्या भार्गवीत अडकलेला. हॉलंडातल्या झुइडओस्ट भागात, लेकीच्या या सातव्या मजल्यावरच्या घरी त्या आजवर पाळीपाळीने यायच्या, कारण पाहुण्यांचा व्हिसा तीन महिन्यांवर एक दिवस राहू देत नाही. आज मात्र दोघी एकदमच होत्या. अकरा वाजता खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सुचेताबाईंचं लग्न होतं.

नवरदेव पाचव्या मजल्यावरचे बाळासाहेब. मूळचे कराडचे, विधुर, रिटायर झालेले, पासपोर्ट डच. आता एकदा भारतात जाऊन डच भाषेची परीक्षा दिली, की सुचेताबाई नवऱ्याच्या व्हिसावर कायमच्या इथे. नातीपासून दोन मजले खाली. आणि नीलिमाताई पुढच्या आठवड्यात पुण्याला, रिकाम्या घरात.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण याच बाळासाहेबांनी गेल्या उन्हाळ्यात आधी नीलिमाताईंना विचारलं होतं. घरात कुणालाच पत्ता नव्हता. तळ्याकाठच्या बाकावर बसून, बदकांकडे बघत म्हणाले, "आपण लग्न केलं तर तुमचा व्हिसाचा प्रश्न सुटेल."

नीलिमाताई ताडकन उठल्या. लग्नाचं विचारताय की रेशनकार्डात नाव घालताय? मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली बाई ती, उपकाराचं कुंकू कशाला लावेल! त्या स्वाभिमानाने स्वतःच्या पेन्शनवर मिळणारा व्हिसा काढायला निघाल्या. तो हॉलंडात मिळत नाही, पोर्तुगालमध्ये मिळतो. नीलिमाताईंना वाटलं, युरोप म्हणजे युरोप. कागद तिकडचे करायचे आणि राहायचं लेकीकडे. सगळी कागदपत्रं गोळा झाल्यावर वकील म्हणाला, "मॅडम, या व्हिसावर राहायचं पोर्तुगालमध्येच. इकडे तुम्ही पुन्हा पाहुण्याच." तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं तेवढं हातात.

"अहो आई, बसा पाटावर. मी ओटी भरते," जुई ताट घेऊन आली. ताटात तांदूळ, खण आणि सुरिनामी दुकानातून आणलेला नारळ.

"तू नको गं. विहीणबाई भरतील."

"मी?" नीलिमाताई दचकल्या. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला त्या आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. "मला कुठे चालतं?"

"तुम्हाला चालत नाही तर मला तरी कुठे चालत होतं? कालपर्यंत एकाच पंगतीत होतो ना आपण?" सुचेताबाईंनी पदर पुढे धरला. "भरा. मला तुमच्याच हातची हवी."

बाई वाईट असती तर किती बरं झालं असतं, असं नीलिमाताईंना वाटलं. निदान मनासारखं जळता तरी आलं असतं. त्यांनी कुंकू लावलं. ओंजळीतले तांदूळ पदरात पडले, थोडे जमिनीवर सांडले.

भार्गवी ते वेचायला खाली बसली. "सो धिस आजी इज स्टेइंग?" तिने विचारलं. "अँड यू गो बॅक इन द फोन?"

"भार्गवी!" जुई ओरडली.

"असू दे," नीलिमाताई म्हणाल्या. "खरं तेच बोलली पोर."

जुई तिला बूट घालायला आतल्या खोलीत घेऊन गेली. जुईचा नवरा विराज गाडी काढायला खाली गेला होता. खोलीत दोघीच उरल्या तेव्हा नीलिमाताईंनी नारळावरची शेंडी उगाच नीट करत विचारलं, "कसं विचारलं हो त्यांनी तुम्हाला?"

"कसलं विचारलं!" सुचेताबाई हसल्या. "बाकावर बसले, बदकांकडे बघत राहिले आणि म्हणाले, तुमचा व्हिसाचा प्रश्न सुटेल."

नीलिमाताईंचा हात थांबला. "मग? राग नाही आला तुम्हाला?"

"आला ना. चांगलं सुनावणार होते. म्हटलं, तोंडाकडे बघून सुनावावं. तर बघते काय, कान लालबुंद! अहो, या वयाचा माणूस, व्हिसा म्हणताना लाजत होता. घाबरट मेला, दुसरं काही बोलताच येत नाही त्याला. हसूच आलं मला. हो म्हणून टाकलं."

 नीलिमाताईंना ते तळं आठवलं, बदकं आठवली, आपण फणकाऱ्याने उचललेली पर्ससुद्धा आठवली. बाळासाहेबांचे कान काही केल्या आठवेनात. पाहिलेच नव्हते.

बेल वाजली. सुचेताबाईंची ओटी भरलेली, त्यांना उठता येईना.

"विहीणबाई, तेवढं दार उघडता?"

नीलिमाताईंनी दार उघडलं. बाळासाहेब उभे होते, कोटाला फूल लावलेलं. समोर नीलिमाताईंना बघून त्यांनी नजर एकदम खाली वळवली.

"बाहेर गारठा आहे फार," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

जिन्याच्या खिडकीतून जूनचं ऊन सरळ दारापर्यंत आलं होतं.