विषयाला सोडून

‘हा देश आता कोणीही वाचवू शकत नाही,’ असं क्लाइव्ह एन्टविसलने सकाळी अकराला संपूर्ण ब्रिटनला कळवलं. संपूर्ण ब्रिटनने, म्हणजे एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर बातमीखाली भांडणाऱ्या सात-आठ जणांनी, ते वाचलं. त्याखाली एक अंगठा उमटला. तो उलटा होता.

बातमी नद्यांत सोडल्या जाणाऱ्या मैलापाण्याची होती. पाणीपुरवठा कंपन्या सरकारने ताब्यात घ्याव्यात की नाही, यावर जुंपली होती. घेऊ नयेत, असं क्लाइव्हचं मत होतं. उलटा अंगठा अर्थातच ‘व्हिटबी विल’चा. हा विल कोण, केवढा, करतो काय, क्लाइव्हला ठाऊक नव्हतं. पण अकरा वर्षं दोघं रोज भांडत होते. टीव्हीवरच्या बातम्या क्लाइव्हला डाव्यांना विकल्या गेलेल्या दिसायच्या आणि विलला उजव्यांना. बातम्या एकाच वाहिनीच्या असायच्या.

“बाबा, झालं का?” टेबलाच्या पलीकडून जनीनने विचारलं. लेक आठवडाभर इथेच मुक्कामाला होती.

“लिहितोय.”

“ते नाही. आईचं.”

आईचं म्हणजे एक पान. गुरुवारी डोरीनचा अंत्यविधी होता. तो चालवणाऱ्या पॉलीनबाई डोरीनला कधी भेटलेल्या नव्हत्या. घरच्यांनी लिहून द्यायचं आणि त्यांनी शवपेटीशेजारी उभं राहून चार मिनिटांत वाचायचं, अशी पद्धत. पान आज दुपारी एकपर्यंत हवं होतं. कागदावर सोमवारपासून एकच ओळ होती : ‘डोरीन एन्टविसल यांचा जन्म ॲक्रिंग्टन येथे झाला.’

“सरकारवर रोज हातभर लिहिता,” जनीन म्हणाली, “आणि आईवर एक ओळ?”

“सरकार सोपं आहे गं.”

तेवढ्यात विलचं उत्तर आलं. क्लाइव्ह तिथे ‘सडेतोड’ या नावाने लिहायचा. ‘सडेतोड साहेब, नऊ दिवस कुठे दडी मारली होती? मुद्दे संपले, की तुमच्या लाडक्या कंपनीचं पाणी प्यायलात?’

क्लाइव्हने लिहिलं, ‘बायको वारली.’

पूर्णविराम दिला. पण बोटं तिथे थांबली नाहीत. डोरीन बातम्या लागल्या की आवाज बंद करायची आणि मंत्र्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालायची, हे त्याने लिहिलं. अर्थमंत्री अगदी गंभीर चेहऱ्याने देशाला सांगायचे, की क्लाइव्हने आंघोळीनंतर आजही टब धुतलेला नाही. मतदानाला दोघं हातात हात घालून जायचे, विरुद्ध पक्षांना मत देऊन एकमेकांचं मत फुकट घालवायचे आणि येताना एकाच पुड्यातल्या चिप्स खायचे. तो इथे जे काही लिहायचा, त्याला ती स्वयंपाकघरातून न वाचताच सुलटा अंगठा द्यायची. वाचलं असतं तर देता आला नसता, म्हणायची. शेवटच्या आठवड्यात तिला समोरचं दिसतं की नाही, तेही कळत नव्हतं; अंगठा मात्र यायचा. चाळीस मिनिटं तो लिहीत होता. मग त्याने बटण दाबलं.

मिनिटभरात खाली अंगठा उमटला. सुलटा. विलचा. अकरा वर्षांतला पहिला.

दुसऱ्या मिनिटाला सगळंच नाहीसं झालं, अंगठ्यासकट. त्या जागी राखाडी अक्षरं आली : ‘हा अभिप्राय लेखाच्या विषयाला सोडून असल्याने नियंत्रकांनी काढून टाकला आहे.’

“जनीन,” क्लाइव्ह म्हणाला, “लिहून झालं होतं.”

“कुठंय?”

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. जनीनने ती राखाडी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

“दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलंय?”

“त्या चौकटीतच लिहीत गेलो. मला वाटलं, मी विलशी बोलतोय.”

“आईच्या अंत्यविधीचं पान तुम्ही विलला लिहिलंत?”

“त्याने विचारलं होतं ना, कुठे होतात म्हणून. दुसऱ्या कोणी विचारलं नाही.”

जनीनने बापाच्या गार झालेल्या चहाचा कप उचलला, सिंकमध्ये ओतला आणि पॉलीनबाईंना फोन लावायला बाहेर गेली.

क्लाइव्हने कागद पुढे ओढला. अर्थमंत्री आठवले, चिप्स आठवल्या. पण कशानंतर काय आलं होतं आणि लिहिता लिहिता डोरीन समोरच्या खुर्चीत कशी येऊन बसली होती, ते काही केल्या जुळेना. ‘त्या अत्यंत विनोदी स्वभावाच्या होत्या’ असं त्याने लिहिलं आणि खोडलं. हे कोणाच्याही बायकोबद्दल लिहिता आलं असतं.

जनीन दारात आली. “पान अंत्यविधीच्या पुस्तिकेतही जाणार, ती आज छापायला देणार आहेत. एकच्या पुढे थांबता येणार नाही म्हणतात.”

पाऊण वाजला होता.

क्लाइव्ह पुन्हा पडद्याकडे वळला. या वेळी विषयाला धरून राहणं भाग होतं. नियंत्रकांना बोट ठेवायला जागा नको, म्हणून त्याने आधी नीट विचार केला, आणि मग एकेक अक्षर शोधत लिहिलं :

‘विलसाहेब, पाणीपुरवठा कंपन्या सरकारने ताबडतोब ताब्यात घ्याव्यात, हे तुमचं म्हणणं मला पूर्णपणे पटलं आहे. मैलापाण्याबाबतही तुमचंच बरोबर होतं. सकाळी मी काय लिहिलं होतं, ते आठवत असेल तेवढं एक वाजायच्या आत कळवता का?’