आवडीचा रकाना

"आई, चल ना, सुगरणीनं घरटं विणलंय!" सात वर्षांची मेघना अर्धी वही तशीच टाकून धावायची, तेव्हाचा तो आवाज वैजूच्या कानात अजून होता. पोरीचं चित्त पाऱ्यासारखं. एका ओळीवर टिकेल तर शपथ.

मग शाळेनं तिच्या कानामागे लक्ष टिकवणारी पट्टी बसवून घ्यायला सांगितलं. पट्टी नवा आनंद निर्माण करत नाही. लेकराला जे सगळ्यात प्रिय, तिथला आनंद उपसते आणि अभ्यासात सोडते. ते प्रिय काय, हे आईबापांनी अर्जातल्या आवडीच्या रकान्यात लिहायचं.

आता बारा वर्षांची झालेली मेघना गणितं सोडवत होती आणि वैजू मागे बसून, पट्टी जपत, तिच्या केसांना तेल लावत होती.

"अजून किती वेळ लागेल?" मेघनानं विचारलं, परक्या बाईला विचारावं तसं.

"झालंच गं बाळा."

"सहलीत सगळ्या मुली आईच्या आठवणीनं रडल्या. बाई मला म्हणाल्या, तुला आई नाही का गं?" पेन्सिल चालूच होती. "मग मी विचार केला. पाखरं तर मला अजून आवडतात. म्हणजे तू अर्जात पाखरं लिहिली नाहीस. काय लिहिलंस?"

पाच वर्षं वैजूनं हे ओठांआड ठेवलं होतं. तिनं वेणीचा शेवटचा पेड घातला.

"पाखरंच लिहिणार होते. पण तुझं ते धावणं थांबलेलं मला बघवलं नसतं. म्हणून त्या रकान्यात मी 'आई' लिहिलं. वाटलं, ही माया कितीही उपसली तरी विहिरीसारखी पुन्हा भरेल."