दोरीवरचं दुसरं लुगडं

सुखदा ऑफिसातून आली तेव्हा दोरीवर आजही दुसरं लुगडं वाळत होतं, आणि पहाटे भरलेल्या पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चामराजपेटेत नळ एक दिवसाआड यायचा, तोही भल्या पहाटे. नवरा वासुदेव बदलीवर हुबळीला, म्हणजे कळशा वाहायच्या तिनंच. आणि सासूबाई लक्ष्मीदेवींची दुपारी दुसरी आंघोळ! का, तर मागच्या व्हरांड्यात भैरू पडलेला. कुत्र्याची सावली पडली तरी त्यांचं सोवळं मोडायचं.

भैरूला रिक्षानं उडवलं होतं. हाड जुळलं, पण मागचा पाय तो काही टेकेना. जनावरांचे डॉक्टर गुरुराज यांनी सुखदाला शेजारी बसवून शिकवलं होतं. तिळाचं तेल कोमट करायचं, पंजापासून मांडीपर्यंत हलक्या हातानं चोळायचं, सांधा सावकाश दुमडायचा. रोज.

"पाय वाळू द्यायचा नाही, अक्का," ते म्हणाले होते. "वाळला की उठणं संपलं. पडून पडून जखमा होतात. मग इंजेक्शन देऊन सोडवलेलंच बरं."

सुरुवातीला तिनं मन लावून केलं. मग ऑफिसात वर्षअखेर आली आणि अंगात त्राण उरेना. आज राहू दे, उद्या चोळू, असं म्हणता म्हणता तो उद्या काही उजाडला नाही. महिना होत आला, दहीभाताची थाळी पुढे सरकवण्यापलीकडे तिनं भैरूला हात लावला नव्हता. त्याच्याकडे बघायचंसुद्धा ती टाळायची. कुठल्या तोंडानं बघणार?

"ह्या कुत्र्यानं माझं सोवळं पार धुऊन नेलं," लक्ष्मीदेवी आतून म्हणाल्या. "साकु झालं बाई, पुरे! आणि तिळाचं तेल आण. संपलंय."

"परवाच तर आणलं, आत्याबाई."

"माझे गुडघे काय तुला विचारून दुखतात?"

सुखदानं वाद घातला नाही. वाद घालायलाही बळ लागतं. तेल आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. डॉक्टरांना तिनं रविवारी सकाळी बोलावलं. कशासाठी, ते सांगताना तिला रडू फुटलं. घरी मात्र ती काही बोलली नाही.

रविवारी डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली आणि भैरूचा पाय हातात घेतला. सुखदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आपल्या आळसापायी एक मुका जीव चाललाय, हे तिला सहन होईना.

"अक्का, इंजेक्शन कशाला?" डॉक्टर म्हणाले. "इकडे बघा तरी. मांडी छान भरलीय, सांधा मोकळा झालाय. आता स्वल्प धीर धरा. रोज तेल लागल्याशिवाय असा पाय होत नाही. छान केलंत."

"मी?" सुखदा गर्रकन वळली. "डॉक्टर, मी तर महिनाभर..."

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. भैरूनं कान टवकारले. धडपडत तो चारी पायांवर उठला आणि लटपटत उंबऱ्यापाशी गेला. सोवळ्याचं लुगडं नेसून, फुलांची परडी घेऊन लक्ष्मीदेवी दारात उभ्या होत्या. भैरू त्यांच्यासमोर कुशीवर पडला आणि त्यानं अधू पाय लांब करून पुढे धरला.

लक्ष्मीदेवींनी चटकन निऱ्या उचलून घेतल्या. डॉक्टरांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"आत्ता नाही रे मेल्या," त्या पुटपुटल्या, "दुपारी!"