सत्काराचा हार

विनाचालक ट्रकांच्या अपघातांवरची सुनावणी सुरू होण्याआधी आयुक्तांच्या गळ्यात झेंडूचा जाड हार पडला आणि त्या वासाने सरूबाईने नाकाला पदर लावला. असेच हार अंगाखांद्यावर टाकून तिची लेक महामार्गावर विकायची. विनाचालक ट्रक तिला पाहून थांबलाच नाही, चिरडून पुढे गेला.

मागच्या दसऱ्याला हे ट्रक स्वतःला घातलेल्या हारांनाच अडथळा समजून जागोजागी ब्रेक मारत होते. मग याच हॉलमध्ये जनतेचं मत घेऊन ठरलं, की ट्रकने झेंडूकडे लक्षच द्यायचं नाही.

"उपाय सुचवा," आयुक्त म्हणाले.

"बायकांनी झेंडू विकणं बंद करावं," ट्रकमालकांचे पुढारी नलावडे म्हणाले. "शेवंती विका की!"

लोक चक्क हसले. माना डोलायला लागल्या. सरूबाईला तिथेच पचकन थुंकावंसं वाटलं.

ती उठली. "साहेब, मतं मागाहून घ्या. आधी तो हार घालून माझ्यासंगं समोरचा रस्ता ओलांडा."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बाहेर ट्रक सुसाट चालले होते.

आयुक्तांनी हार काढला, टेबलाखाली सारला आणि माइक जवळ ओढला.

"तर मग, शेवंतीच्या बाजूने कोण कोण?"